‘सॉरी’ आणि त्याचे मराठी सोयरे



कर्जत स्थानकावर गाडीला उशीर झाला की ध्वनिक्षेपकावरून तीन भाषांत घोषणा होते. मराठीत रेल्वे प्रशासन ‘दिलगीर’ असते, हिंदीत त्याला ‘खेद’ होतो आणि इंग्रजीत ते ‘रिग्रेट’ करते. गाडी एकच, उशीर एकच, पण शब्द तीन. त्याच फलाटावरील गर्दीत मात्र लोकांच्या तोंडी वेगळाच शब्द असतो. पायावर पाय पडला, ‘सॉरी’. पिशवीचा धक्का लागला, ‘सॉरी’. दुकानदाराकडे सुट्टे पैसे नाहीत, ‘सॉरी’. फोन भलत्याच माणसाला लागला, ‘सॉरी’. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील ज्या घरात इंग्रजीचे एकही पुस्तक नाही, त्या घरातील पाच वर्षांचे मूलही हा शब्द जाणते.

इंग्रजी शब्द आपल्या भागाला नवे नाहीत. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५६ साली खोपोलीपर्यंत आला आणि १८६३ साली बोरघाट चढून पुढे गेला. स्टेशन, तिकीट, सिग्नल हे शब्द त्या रुळांबरोबर आले आणि आपल्या पणजोबांनी ते घरचेच मानले. त्या वस्तू नव्या होत्या, म्हणून त्यांची नावेही नवी आली. ‘सॉरी’ची गोष्ट मात्र वेगळी आहे. चूक ही काही परदेशातून आलेली वस्तू नव्हे. ती कबूल करण्यासाठी, तिचे दुःख सांगण्यासाठी आणि ती पोटात घालावी म्हणून विनवण्यासाठी मराठीत निरनिराळे शब्द आधीपासून होते. ‘सॉरी’ आला आणि त्या सर्वांच्या जागी एकटा बसला.

यात भाषेची हानी किती झाली, हा विषय आम्ही पंडितांवर सोपवतो. आमची चिंता निराळी आहे. प्रायश्चित्तकाळात पापनिवेदनासाठी रांगा लागतात. त्या रांगेत उभे राहताना आपण परमेश्वराला ‘सॉरी’ म्हणायला जातो, की काही अधिक करायला जातो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना शब्दांची थोडी उकल उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

इंग्रजीतील मूळ अर्थ

‘सॉरी’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील ‘सार’ या शब्दापासून आला. ‘सार’ म्हणजे जखम किंवा वेदना. दुखऱ्या जागेला इंग्रजीत आजही ‘सोअर’ म्हणतात, तो याच कुळातील. म्हणजे ‘आय अ‍ॅम सॉरी’ याचा मूळ अर्थ ‘मला वेदना होत आहे, मी आतून दुखावलो आहे’ असा होतो. त्या मुळात क्षमेची याचना नाही, चुकीची कबुलीही नाही. आहे ती केवळ अंतःकरणाची व्यथा. म्हणूनच इंग्रज माणूस एखाद्याच्या घरी मृत्यू झाला तरी ‘सॉरी’ म्हणतो आणि स्वतःची चूक झाली तरी ‘सॉरी’च म्हणतो.

त्याच्या सोबतचे शब्द पाहिले म्हणजे फरक ध्यानात येतो. ‘एक्सक्यूज’ या लॅटिन कुळातील शब्दाचा अर्थ दोषारोपातून बाहेर काढणे असा आहे. ‘पार्डन’ आणि ‘फरगिव्ह’ या दोन्ही शब्दांच्या पोटात ‘देणे’ हे क्रियापद आहे. जो क्षमा करतो तो काहीतरी देऊन टाकतो. ‘अपॉलॉजी’ हा शब्द ग्रीक ‘अपोलोगिया’पासून आला आणि त्याचा मूळ अर्थ होता स्वतःचा बचाव. संत जॉन हेन्री न्यूमन यांनी १८६४ साली लिहिलेल्या आपल्या आत्मचरित्राच्या नावात हा शब्द घातला, तो याच अर्थाने: त्यांना माफी मागायची नव्हती, आपली बाजू मांडायची होती. क्षमायाचना आणि स्वतःचा बचाव या दोन गोष्टी एकाच शब्दाच्या पोटात निघाव्यात, हे मानवी स्वभावाला धरूनच आहे. आपणही पुष्कळदा माफी मागण्यास सुरुवात करतो आणि बोलता बोलता वकिली करू लागतो.

मराठीतील पाच शब्द

आता आपल्या घरच्या शब्दांकडे वळू.

पहिला शब्द ‘दिलगीर’. हा फारसीतून आला. ‘दिल’ म्हणजे हृदय आणि ‘गीर’ म्हणजे धरलेले. ज्याचे काळीज आवळून आले आहे, जो खिन्न आहे, तो दिलगीर. आज हा शब्द कचेरीच्या पत्रांत, वृत्तपत्रांच्या चौकटींत आणि रेल्वेच्या घोषणांत राहतो. घरात तो क्वचितच ऐकू येतो.

दुसरा शब्द ‘खेद’. हा संस्कृतातील. शीण, दुःख असा त्याचा अर्थ. खेद वाटण्यासाठी आपली चूक असावीच लागत नाही. पावसामुळे धर्मग्रामाचा मेळावा रद्द झाला तर आयोजक खेद व्यक्त करतात. पाऊस काही त्यांनी पाडलेला नसतो.

तिसरा शब्द ‘माफी’. याचे मूळ अरबी. महसुलाच्या व्यवहारात तो फार जुना आहे. दुष्काळ पडला की सारामाफी होत असे. आजचा शेतकरी हा शब्द कर्जमाफीमुळे ओळखतो. २०१७ साली आणि पुन्हा २०१९ च्या अखेरीस राज्य शासनाने कर्जमाफी जाहीर केली, तेव्हा या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. देणे होते, ते खरोखर होते, आणि ते सोडून देण्यात आले. माफीत देणे नाकारले जात नाही. ते आधी मान्य करावे लागते. कर्जच नव्हते असे म्हणणाऱ्याला कर्जमाफी कशी मिळेल? मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील दाखला नेमका याच व्यवहारावर उभा आहे. राजाने आपल्या सेवकाचे अफाट कर्ज सोडले आणि त्या सेवकाने आपल्या सोबत्याचा चिल्लर रकमेसाठी गळा धरला. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेतही मत्तयाने जो ग्रीक शब्द योजला आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘ऋण’ असाच आहे.

चौथा शब्द ‘क्षमा’. याच्या मुळाशी ‘क्षम्’ हा धातू आहे. सोसणे, सहन करणे असा त्याचा अर्थ. संस्कृतात ‘क्षमा’ हे पृथ्वीचेही एक नाव आहे. ज्याने भातखाचरात नांगर धरला आहे, चिखलणी केली आहे, त्याला हे नाव का पडले हे सांगायला नको. जमीन नांगर सोसते आणि वर पीक देते. क्षमा करणारा दुबळा नसतो. सोसण्याचे बळ ज्याच्या अंगी आहे तोच क्षमा करू शकतो.

पाचवा शब्द ‘पश्चात्ताप’. ‘पश्चात्’ म्हणजे मागाहून आणि ‘ताप’ म्हणजे दाह. कृत्य करताना जे जाणवले नाही, ते नंतर आतून जाळू लागते. आपल्या संतांनी याच अर्थाने ‘अनुताप’ हा शब्द वापरला आणि खेड्यातील माणूस ‘पस्तावला’ म्हणतो, तोही यातूनच आलेला आहे. पवित्र शास्त्राचा ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ आणखी पुढे जातो. त्याचा अर्थ मन पालटणे. हिब्रू भाषेत तर या कृतीसाठी ‘मागे वळणे’ हेच क्रियापद आहे: वाट चुकली, उमगले, वळलो.

या पाच शब्दांबरोबर मराठी माणूस कोणती क्रियापदे वापरतो, ते पाहावे. दिलगिरी आणि खेद ‘व्यक्त’ करतात. माफी आणि क्षमा ‘मागतात’. पश्चात्ताप मात्र व्यक्त करून भागत नाही आणि मागून मिळत नाही. तो ‘व्हावा’ लागतो. आणि ‘सॉरी’? ‘सॉरी’ केवळ ‘म्हणतात’ किंवा ‘बोलतात’. सारा फरक या एका क्रियापदात आहे. व्यक्त करायला मनात काही असावे लागते. मागायला समोर कोणी देणारा असावा लागतो आणि त्याला नाही म्हणण्याचा अधिकार असतो. म्हणायला मात्र जीभ पुरते.

‘सॉरी’च्या बाजूने दोन शब्द

असे असले तरी ‘सॉरी’ला घराबाहेर काढा, असे आम्ही म्हणणार नाही. या शब्दाने आपल्या घरांत एक चांगले कामही केले आहे, आणि ते मान्य करणे न्यायाचे होईल.

आपल्या जुन्या घरांत लहानांनी मोठ्यांची क्षमा मागावी, अशी रीत होती. मोठ्यांनी लहानांची मागण्याची रीत नव्हती. पतीने पत्नीपुढे, सासूने सुनेपुढे, बापाने मुलापुढे ‘मला क्षमा कर’ हे शब्द उच्चारणे जवळजवळ अशक्य होते. बाप चुकला तर तो दुसऱ्या दिवशी मुलाच्या आवडीचा खाऊ घेऊन येई, किंवा ताटावर बसताना ‘चल रे, जेवायला ये’ एवढेच म्हणे. समजणाऱ्याला ते समजत असे. पण सगळ्यांनाच समजत असे असे नाही. कित्येक मुले बापाच्या त्या एका शब्दाची वाट पाहत मोठी झाली. ‘सॉरी’ला वयाचे, मानाचे ओझे नाही. म्हणून आजचा बाप मुलाला आणि नवरा बायकोला निदान ‘सॉरी’ तरी म्हणू शकतो. क्षमा या भारी शब्दाचा उंबरठा ज्याला ओलांडता येत नव्हता, त्याच्यासाठी हा लहानसा दरवाजा उघडला.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली कुटुंबाविषयीच्या आपल्या प्रबोधनात तीन शब्दांवर भर दिला होता: परवानगी मागण्याचा, आभार मानण्याचा आणि क्षमा मागण्याचा. २०१६ सालच्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या प्रबोधनपत्रातही ते त्यांनी पुन्हा सांगितले. घरात भांडण झाले तरी समेट केल्याविना दिवस मावळू देऊ नका, हा त्यांचा आग्रह असे. त्यासाठी गुडघे टेकून भाषण करावे लागत नाही, एक लहानशी कृतीही पुरते, असे ते समजावीत.

बिनशब्दांच्या चालीही आपल्याकडे आहेतच. कोणाला पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो. संक्रांतीला तिळगूळ देऊन वर्षभराचा अबोला मोडता येतो. आपले जैन शेजारी पर्युषणाच्या अखेरीस ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून कळत नकळत घडलेल्या अपराधांची क्षमा मागतात. आणि आपण प्रत्येक मिस्साबलिदानात शांतीचे चिन्ह एकमेकांना देतो. प्रश्न एवढाच की ज्याच्याशी बोलणे टाकले आहे, तो दोन बाके सोडून बसला असेल तर आपले हात त्याच्या दिशेने जुळतात का?

कर्ता कोठे गेला?

मराठी व्याकरणात एक पळवाट आहे. ‘कप फुटला’ असे आपण म्हणतो तेव्हा जणू कप स्वतःच फुटला. ‘मी कप फोडला’ असे म्हटले की फोडणारा समोर येतो. ‘चूक झाली’ या वाक्यात चूक आहे, पण करणारा नाही. ‘माझ्याकडून चूक झाली’ म्हटले की करणारा दाराआडून डोकावतो. ‘मी चुकलो’, ‘मी चुकले’ म्हटले की तो पूर्णपणे उजेडात येतो. आपल्या खेड्यापाड्यांत ‘चुकलो’ हा एकच शब्द पुरेसा मानला जातो, आणि तो खरोखर पुरेसा आहे. त्या एका शब्दात कर्ताही आहे आणि कबुलीही.

एदेन बागेतील आदामाला परमेश्वराने विचारले, तेव्हा त्याने बोट पत्नीकडे दाखविले आणि पत्नीने सर्पाकडे. राजा दावीदासमोर नाथान उभा राहिला, तेव्हा दावीदाने मात्र स्वतःकडे बोट केले. लूकच्या पंधराव्या अध्यायातील उडाऊ पुत्र बापाकडे परतताना वाटेत जे वाक्य घोकतो, त्यात दुष्काळाची तक्रार नाही की वाईट संगतीचा उल्लेख नाही. आपण पाप केले, एवढेच तो म्हणतो.

आता आपल्या ‘सॉरी’चे नमुने पाहा. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी.’ येथे चूक बोलणाऱ्याची नसून वाईट वाटून घेणाऱ्याची ठरते. ‘सॉरी, पण सुरुवात तूच केलीस.’ येथे ‘पण’ने आधीचा शब्द पुसून टाकला. ‘सॉरी म्हटलं ना एकदा!’ येथे तर माफी मागणारा समोरच्यावर ओरडतो आहे. पापनिवेदनातही ‘फादर, राग येतो, पण घरचेच तसे वागतात’ असे म्हटले की आपण घरच्यांची पापे सांगत असतो.

दुःखाच्या घरी कोणता शब्द?

‘सॉरी’चा आणखी एक उपयोग हल्ली तरुणांत दिसतो. इंग्रजीच्या सवयीने ते मृताच्या घरी जाऊन किंवा मोबाइलवर ‘सॉरी’ म्हणतात. इंग्रजीत ते योग्य आहे, कारण त्या शब्दाचे मूळच वेदनेत आहे. मराठीत मात्र ‘सॉरी’ चुकीशी जोडला गेला आहे, म्हणून तो तेथे उपरा वाटतो. आपण ‘वाईट झालं’ म्हणतो, आणि बहुधा काहीच न बोलता शेजारी बसून राहतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वस्ती दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले आणि सत्तावन्न माणसे बेपत्ता असतानाच शोधकार्य थांबवावे लागले. अशा ठिकाणी ‘सॉरी’ किती तोकडा आहे, हे उमगण्यासाठी भाषाशास्त्र लागत नाही. तेथे खेदाने मन भरून येते आणि शब्द अपुरे पडतात. पण खेदाचा निरोप देऊन आपण मोकळे झालो, की डोंगरउतारावरील इतर वाड्यांतील भावंडांच्या सुरक्षिततेची चौकशी पावसाळ्यापूर्वी केली, यावरून आपला खेद किती खरा होता ते ठरते. दुःखात सहभागी होण्यासाठी आपला दोष असावा लागत नाही. शेजारधर्म मात्र असावा लागतो.

राष्ट्रांची ‘सॉरी’

शब्दांमधील हा फरक केवळ घरापुरता नाही. राष्ट्रेही त्यावर वर्षानुवर्षे अडून बसतात. ऑस्ट्रेलियात मूळ रहिवाशांची मुले शासनाने आईबापांपासून तोडून नेली होती. १९९९ साली तेथील संसदेने त्याबद्दल ‘रिग्रेट’ म्हणजे खेद व्यक्त केला. पण पंतप्रधान जॉन हॉवर्ड ‘सॉरी’ म्हणावयास तयार नव्हते. तो शब्द १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत उच्चारला. सुमारे साडेआठ वर्षे एका शब्दासाठी गेली.

आपल्याकडे १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत हत्याकांड झाले. शंभर वर्षे पूर्ण होत असताना, एप्रिल २०१९ मध्ये, ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत तीव्र खेद व्यक्त केला, पण औपचारिक क्षमा मागितली नाही. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात कँटरबरीचे तत्कालीन आर्चबिशप जस्टिन वेल्बी अमृतसरला आले. आपण शासनाच्या वतीने बोलू शकत नाही, असे सांगून त्यांनी वैयक्तिक शरम आणि दुःख व्यक्त केले आणि स्मारकासमोर जमिनीवर पालथे पडून प्रार्थना केली. शासनाच्या ठरावापेक्षा ते पालथे पडणे अमृतसरच्या लोकांना अधिक समजले असेल, असे आम्हांस वाटते.

ख्रिस्तसभाही या वाटेवरून चालली आहे. १२ मार्च २००० रोजी, जुबिली वर्षात, संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या पुत्रकन्यांनी शतकानुशतके केलेल्या अपराधांबद्दल परमेश्वराजवळ जाहीर क्षमायाचना केली. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस कॅनडातील मास्क्वासिस येथे गेले आणि निवासी शाळांत मूळ रहिवाशांच्या मुलांवर झालेल्या अन्यायाबद्दल त्यांनी त्यांच्यातच बसून क्षमा मागितली. क्षमा मागणे हा शेवट नव्हे, ती पहिली पायरी आहे, हेही त्यांनी तेथे स्पष्ट केले.

तीन पायऱ्या

त्या पहिल्या पायरीनंतर काय, हे ख्रिस्तसभेने फार पूर्वी शिकवून ठेवले आहे. १५५१ साली ट्रेंटच्या विश्वपरिषदेने आणि १९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने पश्चात्तापी व्यक्तीच्या तीन कृती सांगितल्या आहेत: अंतःकरणाचा पश्चात्ताप, पापांची कबुली आणि भरपाई म्हणजेच प्रायश्चित्त. पश्चात्तापातच पुन्हा तसे न करण्याचा निश्चय अंतर्भूत आहे.

या तिन्ही कृती रोजच्या मराठीत मांडल्या तर अशा होतील. ‘मला वाईट वाटतं’ हा पश्चात्ताप. ‘मी चुकलो’ ही कबुली. ‘मी ते भरून देतो’ हे प्रायश्चित्त. आणि या तिन्हींसोबत ‘मला क्षमा करा’ ही याचना. ‘सॉरी’ हा शब्द फार तर यातील पहिल्या वाक्याचे काम करतो. उरलेली वाक्ये आपल्यालाच पुरी करावी लागतात.

धर्मशिक्षण ग्रंथ भरपाईविषयी अगदी रोखठोक बोलतो. चोरलेली वस्तू परत करावी, ज्याची बदनामी केली त्याचे नाव पूर्ववत करावे, ज्याला इजा केली त्याला मोबदला द्यावा. पापक्षमेने पाप जाते, पण पापाने केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. जक्कयाने हे न सांगता ओळखले. प्रभू त्याच्या घरी आला तेव्हा तो नुसता ओशाळून उभा राहिला नाही. आपली अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट परत, असा हिशेबच त्याने प्रभूपुढे मांडला.

बांध मागे सरकवणे

आपल्या तालुक्यांत याचा अर्थ काय?

भातशेती करणाऱ्या माणसाला बांध कोरणे म्हणजे काय ते ठाऊक आहे. दरवर्षी वीतभर माती आपल्या बाजूला ओढली की काही वर्षांत शेजाऱ्याचे खाचर आक्रसते. द्रुतगती मार्ग झाला, शेतघरांसाठी गिऱ्हाईके येऊ लागली, जमिनींना भाव आला, आणि तोच बांध भावाभावांत भिंत होऊन उभा राहिला. सातबाऱ्यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या दारचे पाणी पीत नाहीत, अशी घरे आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत. अशा भावाने नाताळला ‘झालं गेलं, सॉरी’ म्हटले तर ते स्वागतार्हच आहे. पण ‘सॉरी’ने बांध मागे सरकत नाही. तो फावड्याने सरकवावा लागतो. शासनाने २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तेव्हा गावपातळीवर समेटाचा मार्ग काढण्यावर तिचा भर होता. ख्रिस्ती घराला तर त्यासाठी समितीची वाट पाहण्याची गरज नाही. वेदीवर अर्पण वाहण्याआधी भावाशी समेट कर, ही प्रभूची आज्ञा मत्तयच्या पाचव्या अध्यायात आहेच.

दुसरी गोष्ट बदनामीची. चार माणसांत, अथवा हल्ली शंभर जणांच्या मोबाइल गटात, एखाद्याविषयी खोटे पसरवायचे आणि मग एकट्यात गाठून ‘सॉरी’ म्हणायचे, हा हिशेब जुळत नाही. जेवढ्या लोकांत नाव घालविले, तेवढ्या लोकांत ते परत द्यायला हवे.

तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. ‘सॉरी’ आपण कोणाला म्हणतो आणि कोणाला म्हणत नाही? गाडीत सुटाबुटातील माणसाला धक्का लागला तर शब्द आपोआप निघतो. घरकाम करणाऱ्या बाईवर विनाकारण ओरडलो तर निघत नाही. वीटभट्टीवर उचल घेऊन राबणाऱ्या कातकरी कुटुंबाचा हिशेब चुकीचा लावला, मजुरी आठवडाभर अडकवली, तर त्यांना कोणी ‘सॉरी’ म्हटल्याचे सहसा ऐकू येत नाही. तेथे मात्र तो शब्द म्हटला आणि मजुरी दिली नाही तर तोही अपमानच. अडकलेली मजुरी हातात ठेवणे, हीच त्या ठिकाणची क्षमायाचना होय.

चौथी गोष्ट घरातील मारहाणीची. रात्री दारू पिऊन हात उगारायचा आणि सकाळी ‘सॉरी’ म्हणायचे, पुन्हा पुढच्या शनिवारी तेच. अशा घरातील भगिनीला ‘त्यांनी सॉरी म्हटलं ना, मग विसर’ असा सल्ला कोणी देऊ नये. क्षमा करणे हा ख्रिस्ती धर्म आहे. मार खात राहणे हा नव्हे. ज्याला खरा पश्चात्ताप झाला आहे, तो दारू सोडण्यासाठी मदत घेईल, उपचार करून घेईल, आपल्या वागण्यावर इतरांची नजर राहू देईल. निश्चयाविना पश्चात्ताप नाही, हे धर्मशिक्षणात आपण सारे शिकलो आहोत.

आणि पाचवी गोष्ट क्षमा करणाऱ्याची. पेत्राने प्रभूला किती वेळा क्षमा करावी असे विचारले तेव्हा मिळालेल्या उत्तराला हिशेबाची सीमा नव्हती. समोरचा ‘चुकलो’ म्हणून आला, भरपाई घेऊन आला, तरीही आपण दार लावून बसलो, तर अठराव्या अध्यायातील त्या सेवकात आणि आपल्यात फरक तो काय उरला?

पापनिवेदनाच्या तयारीसाठी

वाचकांना आम्ही एक साधी सूचना करू इच्छितो. पापनिवेदनाला जाण्यापूर्वी कागदावर तीन ओळी लिहाव्यात. पहिल्या ओळीत ‘मी’ हा कर्ता ठेवून आपण काय केले ते लिहावे. ‘झाले’, ‘घडले’ ही क्रियापदे टाळावीत. दुसऱ्या ओळीत कोणाला इजा झाली त्याचे नाव लिहावे. तिसऱ्या ओळीत त्याला काय परत द्यायचे आहे ते लिहावे: पैसा, जमीन, नाव, वेळ, की नुसती भेट. पहिली ओळ धर्मगुरूंना सांगावी. दुसरी आणि तिसरी घेऊन त्या माणसाच्या घरी जावे, जर त्याच्या घरी जाण्याने त्याला अधिक त्रास होणार नसेल. ज्याला भेटणे शक्य नाही, किंवा जो हयात नाही, त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करावी आणि त्याच्या वतीने एखाद्या गरजवंताचे देणे फेडावे. मग तो कागद जाळून टाकावा.

एवढे केल्यावर त्या घरी पोचताना तोंडून ‘सॉरी’ निघाला तरी हरकत नाही. मागे उभे राहायला पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई असतील तर हा परका शब्दही खरा होईल, आणि त्याचा मूळचा वेदनेचा अर्थ त्याला परत मिळेल.

दयाळू पिता आपणां सर्वांस मागे वळण्याचे धैर्य देवो आणि आपल्या दारी वळून आलेल्याला ओळखण्याची दृष्टी देवो.